टोपी काढलीय बरं का

आमच्या कमठाणा गावात गुंडाप्पाची टोपी हातात दिसली की समजायचं, आता तोंड गुंडाप्पाचं आणि आवाज दुसऱ्याचा. कधी तलाठी, कधी बिदरच्या बसचा कंडक्टर, कधी माझी म्हैस.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण तोतया कुणाला म्हणतात ते मला शिकवायची गरज न्हाई. दुसऱ्याचा आवाज काढून दुसराच होऊन बसतो, तो तोतया. तीस वर्षं मी हे गुंडाप्पाला सांगायलोय आणि तीस वर्षं तो म्हणायलाय, "अण्णा, टोपी बघा की! काढून केली तर नक्कल. डोक्यावर ठेवून केली तर तोतया. मी नकल्या हाय."

एकदा भिंतीपल्याडच्या त्याच्या अंगणातनं माझ्या आवाजात हाक आली, "सूनबाई, चहा आण गं!" सून कप घेऊन अंगणात, आणि मी न्हाणीत, डोक्याला साबण. तिथूनच ओरडलो, "तोतया! भिंतीपल्याडची टोपी तिला कशी दिसंल?"

पटलं त्याला. दुसऱ्या दिवशी आधी ओरडला, "टोपी काढलीय बरं का!" तेही माझ्याच आवाजात. सून दिवसभर पदर तोंडाला लावून हसायली. माझा आवाज तसा न्हाईच. पण तिला कोण सांगणार?

वर्षभर झालं, त्याची बायको काशीबाई सगळं विसरायलीय. दिसतंही कमी. नवऱ्याला ओळखत न्हाई, त्याच्या हातचं खात न्हाई. औरादच्या भावाची वाट बघती. भाऊ मरून लई वर्षं झाली.

परवा दुपारी त्यांचं पातेलं परत द्यायला गेलो. दार उघडंच. गुंडाप्पा ताट घेऊन तिच्यापुढं बसलेला, आणि आवाज मेव्हण्याचा, हुबेहूब.

"काशे, दोन घास खा. तुझा नवरा चांगला माणूस हाय गं. त्यानं दिलं तरी खात जा."

"तू म्हणतोस म्हणून खाते, दादा. पण त्यो म्हातारा लई बडबड्या हाय."

टोपी डोक्यावर होती.

मला बघून त्याचा चेहराच उतरला. अंगणात येऊन म्हणाला, "टोपी काढली की तिला कळतंय, अण्णा. बाकी विसरली, तेवढं न्हाई विसरली. 'नकला कामून करायलाव?' म्हणती आन ताट बाजूला सारती." मग मान खाली घालून, "तुमचंच खरं. झालो तोतया."

तीस वर्षांत पहिल्यांदा हरला होता.

"कसली टोपी?" मी म्हणलं. "चष्मा घरी राहिलाय माझा."

चष्मा नाकावरच होता. त्यानं तो नीट बघितला.

आतून हाक आली, "दादा, अजून भाकर आण की!"

गुंडाप्पानं टोपी दोन्ही हातांनी घट्ट बसवली आणि आत गेला.