विसाजीपंतांनीं कोरी ठेविलेली वीतभर जागा

श्री. अक्षरांचा जो धनी आणि शाईचा जो साक्षी, त्यास दंडवत घालोन, घडली तैशी हकीकत लिहिली ऐसीजे. शके सतराशें नऊ, प्लवंगनाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं, दर्यापलीकडे एके मुलुखीं तेरा सुभे होते. त्यांणीं पूर्वीं आपल्या महाराजाचा चहा खाडींत बुडविला, मग महाराजाचा अंमल बुडविला, आणि आठ वर्षें लढोन मोकळे जाहले. मोकळे जाहले आणि लागलेच आपसांत भांडों लागले. मग सुभ्यासुभ्यांचे शहाणे एका दिवाणखान्यांत मिळाले कीं राज्य कैसें चालवावें याचा करारनामा करावा. मसलत फुटों नये म्हणोन खिडक्या लाविल्या, आणि अंगांत लोकरीचे डगले, माश्या आंत, वारा बाहेर, ऐसे चार मास काढिले. राजा नको, परंतु कारभारी हवा. कारभारी हवा, परंतु चार वर्षांनीं त्याणें पुन्हा रयतेस पुसावें. आणि कारभारी, सभा व न्यायाधीश यांणीं, तिघी जावा एकमेकींच्या दुधावर ठेवितात तैशी, एकमेकांवर नजर ठेवावी, ऐसें ठरलें.

मग विसाजीपंत चिटणिसांस बोलाविलें. पंत चाळीस वर्षें महाराजाच्याच दफ्तरीं झिजलेले, डोळे अधू, परंतु अक्षर मोत्याचें. चर्मपत्र एकच होतें. "बिघडलें तर चिटणिशी गेली समजा," ऐसी ताकीद जाहली. पंतांणीं दोन दिवस मान मोडोन लिहिलें आणि सभेपुढें ठेविलें, तों माथ्यावर वीतभर जागा कोरी!

"पंत, ही कोणासाठीं?" थोरल्या सुभ्याचे सुभेदार गरजले.

पंतांचें तोंड उतरलें. म्हणाले, "महाराजांच्या नांवासाठीं, सरकार. सोनेरी शाईनें शेवटीं घालीत असों. महाराज गेले, हाताची खोड राहिली."

मग काय पुसावें! सुभेदार म्हणे आमचें नांव घाला, दुसरा म्हणे आम्हीं काय घोडें मारिलें, तिसरा म्हणे आधीं चिटणिसास हाकला. तेव्हां सभेंतील वडील खंडेराव, पायांच्या सांधेदुखीनें खुर्चीस खिळलेले, पोट धरोन हांसले आणि बोलिले, "अरे, महाराजाचीच जागा ना? मग आतां ज्याचें राज्य त्याचें नांव घाला. बाहेर उभे आहेत, त्यांचें." मग पंतांणीं थोर अक्षरीं लिहिलें, "आम्ही रयत". भांडखोरांचेही डोळे पाणावले. पंतांची चिटणिशी वांचली.

सभा फराळास उठली. पंत तळाशीं सह्यांच्या रेघा आंखों बैसले. गोदी म्हणोन सुभेदारांची बटीक, विकत घेतलेली दासी, होती, तीच चार मास शाई उकळीत असे. ती ओल्या अक्षरांवर वाळू घालतां पुसती जाहली, "पंत, वर येवढं मोठं काय लिवलंय?"

"आम्ही रयत."

"त्यात म्या हाय का?"

करारनाम्यांत कलम होतें कीं शिरगणतीस पांच दास मोजिले म्हणजे तीन माणसें धरावीं, आणि तें त्यांणींच मोत्याच्या अक्षरांत लिहिलें होतें. चाळीस वर्षें कागदावर खोटें लिहिलें नाहीं, आतां तोंडानें काय बोलावें? म्हणाले, "नाहींस, बाई."

गोदी वाळू झटकीत म्हणाली, "मंग जागा ठिवा की. राजासाटी ठिवलीच व्हती न्हवं?"

पंतांस मेल्याहून मेल्यासारखें जाहलें. मग त्यांणीं सह्यांच्या रेघा दाटीवाटीनें वर ओढिल्या आणि तळाशीं वीतभर जागा कोरी सोडिली. सभा परतली. खंडेराव म्हणाले, "पंत, पुन्हा हाताची खोड?"

"नाहीं सरकार. या खेपेस समजोन. अजून नांवें यावयाचीं आहेत."

खंडेरावांणीं गोदीकडे पाहिलें, मान खालीं घातली, आणि पहिली सही करोन म्हणाले, "तळ कोरा असों द्या. दुरुस्ती लागेल." सुभेदारांणींही सही केली, परंतु संध्याकाळच्या आंत पंतांची चिटणिशी काढिली. पंत कलमदान बगलेस मारोन घरीं गेले. वाटेनें गुणगुणत होते, ऐसें पाहणारे सांगतात.

एवंच, मसलत थोर, माणसें आपल्यासारखींच. दास मोकळे करणारी दुरुस्ती होवोन गोदीचें नांव त्या जागीं चढावयास अठ्ठ्याहत्तर वर्षें आणि आपसांतील लढाईंत लाखों जीव लागले. तोंवर गोदी नव्हती, पंतही नव्हते. जागा अद्याप सरली नाहीं. येणेंप्रमाणें हकीकत लिहिली, आणि पंतांस स्मरोन याही कागदाचा तळ कोरा ठेविला असे.