डावा गुडघा आणि सहभागी निर्णय

लोकशाही माणसाच्या गुडघ्यापर्यंत पोचली, की ती तळागाळात पोचली असं समजायला हरकत नाही. वालपाराइसो शहरातल्या एका टेकडीवरच्या सरकारी दवाखान्यात ती मार्च महिन्यात पोचली, आणि पहिला मान एर्मिंदा ओयार्सून यांच्या डाव्या गुडघ्याला मिळाला.

एर्मिंदाबाई अडुसष्ट वर्षांच्या. टेकडी चढणाऱ्या लिफ्टची तिकिटं त्यांनी एकतीस वर्षं फाडली. लिफ्ट नऊ वर्षांपूर्वी दुरुस्तीला काढली (दुरुस्ती समाधानकारकरीत्या सुरू आहे), तेव्हापासून घर ते खालचा रस्ता म्हणजे दोनशे बारा पायऱ्या. सांधा पार झिजलेला. जिन्यात आधी गुडघ्याची कुरकुर ऐकू यायची, बाई मागून यायच्या. गेल्या सप्टेंबरात, देशाच्या सणाला, चौकात सगळे क्वेका, म्हणजे रुमाल फिरवत करायचा जोडीचा नाच, नाचत होते आणि त्या रुमाल मुठीत धरून खुर्चीवर बसून राहिल्या. दुखण्यापेक्षा ते बसणं त्यांना जास्त लागलं.

पूर्वीची पद्धत मागासलेली होती: डॉक्टर सांगायचे आणि रुग्ण ऐकायचा (किंवा ऐकल्यासारखं करायचा). नव्या पद्धतीत निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. म्हणून दवाखान्याने डॉक्टरांना स्वतःचं मत रुग्णावर लादायला मनाई केली. इबाकाचे नावाचे डॉक्टर सव्वीस वर्षं बिनदिक्कत मतं लादत आले होते. दोन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर ते इतके निर्मळ झाले, की घरी जेवायला काय हवं हेही बायकोला सांगेनात.

त्यांनी बाईंच्या हातात चव्वेचाळीस पानी पुस्तिका ठेवली. व्यायाम आणि वजन, गोळ्या, इंजेक्शन, सांधा बदलणं, असे चार मार्ग. प्रत्येक मार्गापुढे शंभर चेहरे छापलेले, गुण आलेले हसरे, न आलेले रडके.

"यातली मी कोणती?" बाईंनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"मग एवढी तोंडं कशाला काढली?"

"तुम्हाला निर्णय सोपा जावा म्हणून."

पुढच्या खेपेला दुसऱ्या मजल्यावरच्या निर्णय कक्षात बोलावणं आलं. (ज्यांना जिना चढवला नाही, त्यांची नोंद 'निर्णय घेण्यास अनुत्सुक' अशी झाली.) तिथे यास्ना नावाच्या नर्सने आवडीनिवडींचा तक्ता भरून घेतला. वेदना नको: दहापैकी दहा. ऑपरेशनची भीती: दहा. क्वेका: दहा. संगणकाने विचार करून उत्तर दिलं, 'आपण स्वतःशी सहमत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करावा.'

"माझा नवराही हेच म्हणायचा," बाई म्हणाल्या. "पण तो फुकट सांगायचा, जिना न चढवता."

तिसऱ्या खेपेला त्यांचा संयम संपला. "डॉक्टर, सरळ सांगा. माझ्या जागी तुमची आई असती तर?"

डॉक्टरांनी आपली प्रशिक्षणातली पुस्तिका चाळली. या प्रश्नाची सोय पान एकतीसवर होती: 'रुग्णाचे आभार मानावेत.' त्यांनी आभार मानले. मग दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "आई माझं ऐकत नाही हो."

सव्वीस वर्षांत त्यांनी दिलेली ही सर्वांत उपयुक्त वैद्यकीय माहिती होती. कारण फिदेलिसा मावशी, म्हणजे डॉक्टरांची चौऱ्याऐंशी वर्षांची आई, त्याच टेकडीवर राहायची. बाई दवाखान्यातून थेट तिच्याकडे गेल्या.

"बस. कुठला?" मावशीने विचारलं.

"डावा."

"माझे दोन्ही बदललेत. पोरगा नको म्हणत होता. म्हणे, आई, तुझं वय झालं. म्हटलं, माझं झालंय ना? गुडघे नवीन आणू."

"दुखलं?"

"तीन महिने व्यायाम करताना त्याच्या बापाच्या सात पिढ्या उद्धरल्या. रडत रडत करशील? नाहीतर जाऊच नकोस, नुसता सांधा बदलून काही होत नाही."

"करीन. आणि क्वेका?"

मावशी उठली, ओट्यावरचं फडकं उचललं आणि एक गिरकी घेतली. "गुडघे टेकवत नाहीत आता. त्यामुळे चर्चमध्ये पाद्री खुर्ची देतो. फायदाच म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी एर्मिंदाबाईंनी 'सांधा बदलणं'पुढे अशी फुली मारली की कागद फाटला. 'निर्णयात सहभागी व्यक्ती' या रकान्यात यास्नाने प्रामाणिकपणे लिहिलं: रुग्ण, डॉक्टर, आई. वरिष्ठांनी कुटुंबाच्या सहभागाबद्दल दवाखान्याचं खास कौतुक केलं. (कुणाचं कुटुंब, असा रकाना नव्हता.) वार्षिक अहवालात शहाण्णव टक्के रुग्ण समाधानी निघाले. उरलेल्या चार टक्क्यांनी 'कसला निर्णय?' असं विचारलं होतं, ते उत्तरात धरलं नाही.

चौदा महिन्यांनी नंबर लागला. एर्मिंदाबाईंनी रडत, शिव्या देत व्यायाम केला, आणि त्या सप्टेंबरात चौकात एक क्वेका पुरी नाचल्या. पाय आपटायची वेळ आली तेव्हा जपून आपटला, पण आपटला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. ते मत धरायचं की नाही, यावर अजून परिपत्रक आलेलं नाही.

ज्या वाचकांना ही मंडळी हास्यास्पद वाटली, त्यांनी एवढंच आठवावं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी "तुमचं काय मत?" असं विचारलं, तेव्हा आपण "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मान डोलावली होती. मग घरी येऊन शेजारच्या काकूंना विचारलं, आणि गोळ्या त्यांच्याच घेतल्या.