पुढच्या खोलीचा पांढरा रंग

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली. माणसं भेटायला येतील, तेव्हा पुढची खोली पांढरीशुभ्र हवी. चाळीस वर्षं मी लोकांच्या भिंती रंगवल्या. (शाळा चौथीत सुटली, ब्रश सुटला नाही.) पांढऱ्या रंगात चिमूटभर नीळ टाकली की तो उजळतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण या वेळी डबा नवा असूनही रंग पिवळट दिसत होता. दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत मी नीळ टाकत गेलो. पांढरा दिसेपर्यंत टाकली. दोन हात दिले.

बायको दारात उभी होती.

"कसा झालाय?"

"झालाय," ती म्हणाली. "आता आंघोळ करा."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येऊन काळा चष्मा काढला, तर चारही भिंती निळ्या!

"माझ्या माघारी कुणी रंग दिला?"

"कुणी नाही हो."

"एक रात्र बाहेर काय राहिलो, दुसरा रंगारी घरात घेतलात?" (उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता. सवय नसल्याने मधेच खोकला आला.)

सून पाणी घेऊन आली. "बाबा, नवा डोळा झाका आणि बघा."

झाकला, भिंत पांढरी. उघडला, भिंत निळी. पाच-सहा वेळा करून पाहिलं. भिंत काही शब्द बदलेना. पिवळट दुकानदाराचा डबा नव्हता, माझा मोतीबिंदू होता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आणखी एक हात दिला असता तुम्ही," बायको म्हणाली. मग हळूच, "आणि किती खूश होता."

मी अबोला धरला. पण दर चार तासांनी डोळ्यात थेंब घालायला ती माझी हनुवटी हातात घ्यायची. अशाने माणसाने रुसावं तरी कसं?

महिनाभर रंगकाम बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. येणारा प्रत्येकजण आधी भिंतीकडे बघायचा, मग माझ्याकडे. बायको ठोकून द्यायची, "डोळ्यांना गार वाटावं म्हणून मुद्दाम दिलाय." माझ्या कारागिरीची अब्रू अशी थापेवर तगून होती!

शेवटी शेजारीण आली. तिने घर दोनदा रंगवून घेतलं, पण मला कधी विचारलं नव्हतं. "काका, आमच्याकडे असाच द्याल? अगदी हाच?"

महिन्याने तिच्याकडे बादली घेऊन बसलो. नव्या डोळ्याने कालवलेला रंग कधी गडद, कधी फिका. ती नाही म्हणून मान हलवायची. अखेर वैतागून नवा डोळा झाकला आणि जुन्याला पांढरं दिसेपर्यंत नीळ ओतली.

"हाच!" ती ओरडली.

आता तिच्या बहिणीलाही तोच हवाय. डॉक्टर विचारतात, दुसरा डोळा कधी करायचा? मी म्हणतो, हातात कामं आहेत, जरा थांबा. चाळीस वर्षांच्या अनुभवाला कुणी विचारत नाही. मागणी आहे ती मोतीबिंदूला.