सतरा मेची हजेरी

दर वर्षी सतरा मेला, गाण्याबजावण्याच्या इतिहासात त्या तारखेला घडलेले, यादीत नोंदलेले सगळे प्रसंग कौठर नगरपालिकेच्या सभागृहात हजेरी लावायला येतात. साडेदहाला दार उघडतं, पाचला बंद होतं. मधे जेवणाची अर्धा तास सुट्टी असते.

बाकीच्या तारखा बाकीच्या गावांना दिलेल्या आहेत. आपल्यालाच ही का मिळाली, असं कौठरमध्ये कुणी विचारत नाही. वाट्याला आलेलं काम नीट करायचं, एवढंच तिथे शिकवतात.

प्रसंग येतो म्हणजे सगळाच येतो. माणसं, वाद्यं, त्या दिवशीची हवा, त्या दिवशीचा उजेड. १९११ सालच्या प्रसंगात एक बाई भल्यामोठ्या पितळी कर्ण्यात तोंड घालून गाते आणि तबकडी संपता संपता स्वतःचं नाव ठणकावून सांगते. आधी कर्णा दारातून आत येतो, मग बाई. १९५६ च्या प्रसंगात एक संगीतकार हॉटेलात बसून चाल शोधत असतो. वेटरच्या हातून चमचे पडतात आणि चाल सापडते. चमचे दर वर्षी पडतात. १९७० चा प्रसंग परदेशातला आहे. त्यात चाळीस हजार माणसं चिखलात उभी राहून एकच ओळ म्हणतात. त्याला सभागृह पुरत नाही, म्हणून बाजारतळ मोकळा करून देतात. चिखल मागे राहतो. तो काढणाऱ्या सफाई कामगारांना दुसऱ्या दिवशी भरपगारी रजा असते.

प्रसंगातल्या माणसांना आपण दिसत नाही. त्यांना हात लावू नये, टाळ्या वाजवू नयेत, असा फलक दाराशी आहे. फलक नसता तरी कुणी वाजवल्या नसत्या. लोक टोप्या मांडीवर घेऊन बसतात आणि बाहेर पडल्यावर बराच वेळ बोलत नाहीत.

ज्ञानोबा गेजगे दर वर्षी दुसऱ्या रांगेत बसायचा. वय एक्क्याऐंशी. बावीस वर्षं त्यानं कौठरचा ब्रास बँड चालवला, क्लॅरनेट स्वतः वाजवलं. गाव त्याला मास्तर म्हणत असे. कर्ण्यातल्या बाईनं नाव सांगितलं की त्याच्या हातावरचे केस उभे राहायचे. तो बाह्या खाली ओढून घ्यायचा.

या वर्षी नगराध्यक्षांनी ठराव मांडला. एवढे जगभरचे प्रसंग आपण सांभाळतो, त्यात कौठरचा एकही नाही, ही शरमेची गोष्ट आहे. आपल्याकडे सतरा मे १९७४ चा प्रसंग आहे. तो यादीत घ्यावा. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण तो प्रसंग गावातल्या पोरासोरांनाही पाठ होता.

त्या दिवशी कोष्ट्यांच्या घरची वरात होती. दिवस मावळला होता. त्या साली गाजलेलं सिनेमाचं एक गाणं बँडवर चाललं होतं. चौकात आल्यावर क्लॅरनेटनं वरचा सूर धरला आणि सोडलाच नाही. नाचणारे थांबले. घोडा थांबला. दुकानदार फळ्या लावता लावता थांबले. तो सूर संपला तेव्हा चौकातली तीन-चारशे माणसं आवाज न करता उभी होती, आणि नवरदेव रडत होता. त्या चौकाला पुढे मास्तर चौक म्हणू लागले. एसटीचे कंडक्टरही तेच नाव घेतात.

प्रसंग यादीत घ्यायचा तर दोन अटी होत्या. एक, त्या वेळी किमान शंभर माणसं एकाच वेळी गप्प झालेली असावीत. दुसरी, प्रसंगात वाजवणाऱ्या ताफ्यातल्या दोन माणसांनी वेगवेगळे जबाब द्यावेत आणि ते जुळावेत. जुळले नाहीत तर अर्ज कायमचा निकाली निघतो. पुन्हा करता येत नाही.

बँडपैकी दोघंच उरले होते. ज्ञानोबा, आणि ढोल वाजवणारा बापू ऐवळे.

चौदा मेला ज्ञानोबा नगरपालिकेत गेला. हजेरीचं काम उथळेबाईंकडे होतं. वीस वर्षं त्या त्याच टेबलावर होत्या.

"बसा मास्तर. बापू ऐवळ्यांचा जबाब सकाळीच झाला. पाकिटात बंद आहे. आता तुमचा." त्यांनी कागद पुढे ओढला. "क्लॅरनेट कोणी वाजवलं?"

"गावाला ठाऊक हाय."

"गावाचा जबाब चालत नाही. तुमचा पाहिजे."

ज्ञानोबानं घसा साफ केला. "मी."

बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं. मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सही करण्याआधी एक सांगायचा नियम आहे, म्हणून सांगते. प्रसंग जसा घडला तसाच येतो. आपण लिहून दिलं तसा येत नाही. मागे एका गावात एकानं आपल्या नावावर प्रसंग घेतला. प्रसंग आला, पण हा गृहस्थ त्यात नव्हताच."

"मग?"

"पाचपर्यंत बसून राहिला. मग घरी गेला."

ज्ञानोबानं पेन खाली ठेवला. "दुपारून येतो."

"साडेपाचला कुलूप लागतं," बाई म्हणाल्या.

बापू तालमीच्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. ज्ञानोबा त्याच्यासमोर उभा राहिला.

"काय लिवलंस?"

"बस की आधी. उन्हातनं आलास."

"काय लिवलंस, बापू?"

"जे झालं ते."

ज्ञानोबा बसला.

जे झालं ते तिघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक सहा वर्षांपूर्वी गेली होती. त्या दिवशी बँडला चार वराती होत्या. चौथ्या वरातीत, चौकाच्या अलीकडे, ज्ञानोबाचा ओठ फुटला. तोंडात रक्त आलं, फुंकायच्या पत्तीवर रक्त आलं, क्लॅरनेट मुकं झालं. त्याच्या शेजारून त्याची बायको हौसा डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालली होती. बँडच्या बायका बत्त्या धरत, तसं तिचं कामच होतं. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि क्लॅरनेट काढून घेतलं. बत्ती डोक्यावर तशीच. दोन्ही हात वाद्यावर गेले म्हणून बत्ती डुलली. ज्ञानोबानं मागून हात घालून ती धरली. गाणं संपेपर्यंत धरून ठेवली. तळहात पोळला, पण सोडली नाही. लोकांना फक्त तो पांढरा उजेड दिसत होता. त्याच्या आतून सूर येत होता, आणि मास्तर तिथेच उभा होता.

घरी आल्यावर हौसानं त्याच्या हाताला तूप लावलं. म्हणाली, "कुणाला सांगू नका. बाईमाणसानं वाजवलं म्हटलं तर उद्या वराती मिळायच्या न्हाईत." त्यानं सांगितलं नाही. पुढे सांगायची गरज राहिली नाही, कारण चौकाला नाव पडलं होतं.

"पन्नास वर्षं गप बसलास," ज्ञानोबा म्हणाला, "आन आताच लिवायचं सुचलं?"

"वैनीनं शपथ घातली हुती, बोलायचं न्हाई. लिवायचं न्हाई, असं काय म्हणाली न्हवती."

"लई शाना झालास."

"ढोलवाला हाय मी. मला कुठला शानपणा. तू मास्तर." बापूनं तंबाखू तोंडात टाकली. "सही केलीस का?"

"न्हाई."

"मग बघ. मी तिचं नाव लिवलंय, तू तुझं लिवलंस तर ती येत न्हाई. जुळलं न्हाई की कायमचं बंद."

"मला ठाऊक हाय नियम."

"जुळलं तर येती. दर सालाला येती." बापू रस्त्याकडे बघत होता. "मी तर पुढं हुतो ढोलाबरोबर. मी बघितलंय तिला वाजवताना. तू न्हाई बघितलंस."

"मी तिच्या पाठीशीच हुतो."

"पाठीशीच. तेच म्हंतोय."

खरं होतं ते. ज्ञानोबाला तिचा अंबाडा दिसला होता, चुंबळ दिसली होती, आणि बत्ती. हे सगळं तिनं आपली लाज राखण्यासाठी केलं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. ती घाबरली असेल, रडवेली झाली असेल, असंही धरलं होतं. घरी तो नसताना ती वाजवते, हे मात्र त्याला त्याआधीपासून माहीत होतं. एकदा रानातून लवकर आला तेव्हा आवाज ऐकून तो मागच्या बोळातून परत फिरला होता. ती थांबेपर्यंत आत गेला नव्हता. तेही त्यानं कधी तिला सांगितलं नाही.

तो उठला.

"कुठं?" बापूनं विचारलं.

"साडेपाचला कुलूप लागतं."

उथळेबाईंनी पेन्सिलीचं खोडलं, त्यानं सांगितलं ते शाईनं लिहिलं आणि कागद त्याच्याकडे वळवला. ज्ञानोबाला लिहिता जेमतेम येत असे. त्यानं सही हळूहळू केली, पण पूर्ण नावानं केली. बाईंनी पाकीट फोडलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोट फिरवत वाचले.

"जुळतात," त्या म्हणाल्या. "सतरा तारखेला सव्वाबाराची वेळ देते. वेळेवर या."

सतरा मेला सभागृह भरलं होतं. नगराध्यक्ष पहिल्या रांगेत होते. ज्ञानोबानं त्या दिवशी दुसरी रांग सोडली. व्यासपीठाच्या कडेला, जिथून येणाऱ्याचं तोंड दिसतं, तिथे खुर्ची ओढून बसला. बापू शेजारी बसला.

"नाव सांगितलंस का गावाला?" बापूनं हळूच विचारलं.

"येईल ती. ती सांगंल."

सव्वाबाराला बाहेर रणरणतं ऊन होतं. दार उघडलं आणि आत संध्याकाळ आली. आधी जमिनीवरून आली, मग खिडक्यांपर्यंत चढली. घासलेटचा वास आला, मोगऱ्याचा आला, घोड्याचा आला. मग ढोल ऐकू आला. एकोणतीस वर्षांचा बापू आत आला, मानेच्या शिरा ताणून. एक्क्याऐंशीच्या ज्ञानोबाशेजारचा बापू म्हणाला, "केस बघ माझं."

बत्ती आत आली. ती इतकी प्रखर होती की पुढच्या रांगांनी डोळ्यांवर हात धरले. त्या उजेडात काहीच दिसत नव्हतं. सूर तेवढा येत होता. तो वर चढला, आणि वर गेल्यावर थांबला, तसाच. सभागृहातली माणसं नकळत उभी राहिली. कुणीतरी तोंडावर पदर धरला. वरातीतले तीन-चारशे आणि सभागृहातले पाचशे, मधे पन्नास वर्षं, सगळे एकाच वेळी श्वास घ्यायचे विसरले.

कडेला बसलेल्या ज्ञानोबाला उजेडाखालचं दिसत होतं.

हौसा सत्तावीस वर्षांची होती. नाकात मोरणी, कपाळावर घाम, गाल फुगलेले. ती घाबरलेली नव्हती. रडवेली तर नव्हतीच. तिचे डोळे सताड उघडे होते आणि ती हसत होती. तोंडात पत्ती असताना माणसाला हसता येत नाही, म्हणून सगळं हसू डोळ्यांत चढलं होतं. नवऱ्याची लाज राखणाऱ्या बाईचं ते तोंड नव्हतं. ज्याची वाट बघत जन्म काढला ते आज हातात आलं, अशा माणसाचं होतं. तिच्या मागे तीस वर्षांचा एक तरणा गडी रक्ताळलेल्या तोंडानं, हात पोळत, बत्ती धरून उभा होता. तिच्या अंबाड्याकडे बघत होता. त्याला यातलं काही दिसत नव्हतं.

ज्ञानोबाचा उजवा हात बत्ती धरल्यासारखा आपोआप वर गेला आणि तिथेच राहिला. बापूनं पाहिलं, पण तो हात खाली घ्यायला त्यानं सांगितलं नाही.

सूर संपला. ती चारशे माणसं आवाज न करता उभी राहिली, ही पाचशेही. हौसानं पदरानं पत्ती पुसली, क्लॅरनेट मागे दिलं आणि बत्तीला हात लावला. वरात भिंतीकडे सरकली आणि गेली. खिडक्यांतून ऊन परत आलं. कडेला बसलेल्या इतरांनीही तिचं तोंड पाहिलं होतं, आणि त्यांची कुजबुज पहिल्या रांगेपर्यंत पोचली. नगराध्यक्षांनी ज्ञानोबाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. आता सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं.

उथळेबाईंनी वही उघडली. "सही लागते. वर्ष १९७४. ठिकाण कौठर. वाजवणाऱ्याचं नाव तुमच्या तोंडून पाहिजे, मोठ्यानं. सभागृहाला ऐकू जावं असा नियम आहे."

ज्ञानोबा उभा राहिला. "हौसा ज्ञानोबा गेजगे."

"वाद्य?"

"क्लॅरनेट."

बाईंनी लिहिलं. "तुमचं काय लिहू?"

"बत्ती."

"बत्ती वाद्यात बसत नाही." त्यांनी पान उलटून पाहिलं. "साथ म्हणून एक रकाना आहे. त्यात चालेल."

"चालंल."

त्यानं सही केली. बाईंनी शिक्का मारला आणि पुढच्या वर्षीही सव्वाबाराचीच वेळ राहील असं सांगितलं. तेवढ्यात शिपाई आत येऊन म्हणाला, १९७७ चा प्रसंग मघापासून जिन्यात उभा आहे, त्यात म्हातारी माणसं आहेत, आणि मोठा पियानो आहे. ज्ञानोबानं आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि वाट मोकळी करून दिली.