किंजळवाडीचा फेरा

गाडीचा आवाज आला की तात्या गोताड सायकलवरून उतरतात, सायकल कडेला घेतात आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहतात. गाडी गेली, धुरळा खाली बसला, की वाकून एक खडा उचलतात आणि डाव्या खिशात टाकतात. मग पुन्हा सायकलवर. हायवे सोडून आत वळल्यापासून फेरी संपेपर्यंत खिशात तीन खडे जमले, तर तो रस्ता नासला. दूध नासतं तसा. वहीतल्या त्याच्या पानावर काट बसते आणि पुन्हा त्याचं नाव निघत नाही.

एकदा साखरपुड्याच्या सात जीपा एकामागोमाग आल्या. आतली माणसं ओळखीची होती, हात करत होती. तात्या पाठ करून उभे होते ते उभेच. तिसऱ्या जीपेलाच रस्त्याचा निकाल लागला होता, तरी त्यांनी सातही खडे वेचले. "चांगला रस्ता हुता," ते म्हणाले. माणूस गेल्यावर म्हणतात त्या आवाजात.

तात्या बांधकाम खात्यात मैलकुली होते. मैलकुली म्हणजे ठरलेले चार-सहा मैल सांभाळणारा माणूस. खड्डे भरायचे, गटार उपसायचं, रस्त्याखालच्या मोरीत अडकलेला पाला काढायचा. बत्तीस वर्षं, दर काही वर्षांनी मैल बदलत, त्यांनी हे केलं. निवृत्त झाले तेव्हा खात्याने नारळ आणि शाल दिली, पण घमेलं परत घेतलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं. आठ दिवसांत त्यांनी बाजारातून स्वतःचं घमेलं आणलं. ते आजही सायकलच्या कॅरियरला बांधलेलं असतं. वाटेत खड्डा दिसला की उतरतात, जांभा दगडाचे तुकडे गोळा करतात, खड्डा भरतात, वर उभं राहून दोनदा पाय आपटतात. मुंबईला गेलेल्यांनी सोडून दिलेले जंगलातले रस्ते, कुठल्याशा योजनेत झालेले आणि पुढे कुठेच न गेलेले डांबरी तुकडे, कालव्याच्या कडेच्या वाटा, असं सगळं जोडून जोडून त्यांनी बिनगाडीचे चौदा रस्ते तयार केले आहेत. देवरुखपासून वर सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत.

माझी त्यांची ओळख या रस्त्यांवरच झाली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील लोटे गावच्या कारखान्यात पाळीला जायचे, मी भूगोल घेऊन बी.ए. झालो, मग बी.एड. आणि आता हायस्कूलला भूगोल शिकवतो. हे सांगायला मला आवडतं. इथे सांगतोय ते मात्र पुढे त्याचा संबंध येतो म्हणून.

रविवारी आम्ही फाट्यावरच्या आंब्याखाली भेटायचो. माझी सायकल एकवीस गिअरची, त्यांची काळी, जुनी, दांड्याची. चढाला मी मागे पडायचो. त्यांच्या लेखी चढ किलोमीटरमध्ये नसतो. कितीदा सायकलवरून खाली उतरावं लागतं त्यावर तो मोजायचा. एका उतराचा चढ, दोन उतरांचा चढ. मी त्यांना नकाशातल्या समोच्च रेषा समजावून सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या रेषेवर पाय कुठं टेकायचा ता दाखवतात काय?"

त्यांच्या वहीत प्रत्येक रस्त्याला एक पान आहे. त्यातली भाषा अशी: "जांभळीपाशी डावं. कुत्रं भुंकतं, चावत नाय. पुढं दोन उतर. बैल आडवा आसल तर आपनच थांबावं. पानी: सुंदराकाकी."

देवरुखच्या बाजूला एक जण घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देतो. पुण्या-कोल्हापूरकडचे सायकलवाले दिवाळीनंतर तिथे उतरतात. त्याला तात्यांच्या वहीचा पत्ता लागला. तात्यांनी वही द्यायला कबूल केलं, पण त्यांच्याकडे बटणाचा फोन. तेव्हा वहीतले रस्ते नकाशावर आखून पाहुण्यांच्या मोबाइलवर पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते हौसेने घेतलं. सायकलवाल्यांना रवाना करायला तात्या पहिल्या रविवारी जातीने हजर होते. हेल्मेटवाल्या एका पाहुण्याने विचारलं, "काका, सरासरी किती वेळ लागेल?"

"घाई आसल तर यष्टीनं जा," तात्या म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मीही ते पन्नासदा ऐकलं आहे.

आता माझी चूक. सहाव्या नंबरचा रस्ता कालव्याच्या कडेने छान सावलीतून सरळ जातो. पण तात्यांची वाट मध्येच उजवीकडे जंगलात शिरते, तीन उतरांचा चढ चढते, किंजळवाडीत जाते आणि पलीकडून उतरून पुन्हा कालव्यालाच मिळते. जिथून निघाली तिथून हाकेच्या अंतरावर. नकाशावर हे पाहिल्यावर मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची चूक आहे. अभ्यास केलेल्या माणसाने ती दुरुस्त करावी. मी तो फेरा काढून टाकला. रस्ता दोरी ताणल्यासारखा सरळ झाला. तात्यांना सांगायची गरज मला वाटली नाही.

पुढचे काही रविवार मी पेपर तपासण्यात अडकलो होतो. एका सोमवारी मधल्या सुट्टीत तात्या शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीबाहेर चपला काढून उंबऱ्यावर उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"मास्तर, किंजळवाडी कुठं गेली?"

"आहे की तात्या. नकाशात आहे. फक्त वाटेतून काढली."

"का?"

"पाच किलोमीटर चढून माणूस परत तिथंच येतो. वर बघायला काय आहे? धबधबा नाही, देऊळ नाही."

"सुंदराकाकी हाय."

"पाण्यासाठी म्हणत असाल तर त्या लोकांच्या सायकलला दोन-दोन बाटल्या असतात."

तात्या शाळेच्या घंटेकडे बघत म्हणाले, "पावने येनार म्हनून तीन आयतवार काकीनं सरबत करून ठेवलान. कोन आला नाय. सांजचं माडाच्या मुळात वतलान. काल मी गेलो तर मना इचारते, माज्या सरबताला वास येत हुता काय रं, गोताडा?"

हातातलं लाल पेन मी खिशात ठेवलं.

"मी सांगितलं, रस्ता बंद हाय. मोरी खचली." ते चपलेत पाय घालत म्हणाले, "बत्तीस वर्सं रस्त्यावर काढली मास्तर. चांगल्या रस्त्याला बंद हाय असा कधी बोललो नव्हतो."

आणि गेले.

संध्याकाळी मी वही पुन्हा उघडली. चौदा रस्ते, आणि प्रत्येकात कुठे ना कुठे एक विनाकारण वाटणारं वळण. प्रत्येक वळणाच्या टोकाला 'पानी' आणि एक नाव. काही ठिकाणी तर अलीकडेच वाहता झरा होता, त्याचा वहीत उल्लेखही नव्हता. नावं मला निम्मी माहीत होती, उरलेली शाळेच्या शिपायाला विचारली. मुलं मुंबईला, नवरा किंवा बायको गेलेली, वाडीतली बाकीची घरं गणपती-शिमग्याला उघडणारी. भर उन्हात डांबर टाकताना तात्या ज्या ज्या ओट्यावर बसून पाणी प्यायले होते, ते हे ओटे. भूगोलात पाणी कुठे असतं ते मी शिकवतो. ते देणारं माणूस कुठे असतं, हे मी पाहिलं नव्हतं.

फेरा मी त्याच रात्री परत आखला आणि रविवारी पाहुण्यांच्या आधी स्वतः किंजळवाडीला गेलो. तीन उतर म्हणजे तीनच. चौथा मी लाज म्हणून धरला नाही. नऊ घरांच्या वाडीत एकच दार उघडं होतं. सुंदराकाकी ओट्यावर बसलेल्या. शेजारी कळशी, सरबताचं पातेलं, वर फडकं.

"कुनाचा रं तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी आणखी दोन पिढ्या मागे जाऊन खात्री करून घेतली.

"मोरी बांदली काय?"

"बांधली, काकी."

"लवकर बांदलान," त्या म्हणाल्या, आणि पातेल्यावरचं फडकं काढलं.

अर्ध्या तासाने सहा सायकलवाले धापा टाकत आले. काकींनी प्रत्येकाला एकेक करून विचारलं, कुनाचा तू. पिवळ्या शर्टातला एक म्हणाला, "मी पुण्याचा." काकी म्हणाल्या, "पुन्यात कुनाचा?" तो ओट्यावर टेकला, हेल्मेट काढलं आणि बराच विचार करून आजोबांचं नाव सांगू लागला. कुणीही घड्याळ पाहिलं नाही. सरबताला आमसुलाचा आणि किंचित धुराचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता.

हे तात्यांना सांगावं म्हणून परतताना मी त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. आमची भेट नेहमी फाट्यावर व्हायची, त्यामुळे त्यांचं घर हायवेला चिकटून आहे हे ऐकून असलो तरी पाहिलं नव्हतं. चौपदरी रस्त्यात अंगण गेलं, तुळस मागच्या दारी गेली. आता ओट्याची पायरी उतरली की काँक्रीट. ट्रक गेला की कौलं वाजतात. तात्यांच्या हिशोबाने इथला रस्ता मिनिटाला एकदा नासत असणार. म्हणूनच की काय, ओट्यावर एकच खुर्ची होती आणि ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पातेलं रिकामं झालं?" एवढंच विचारलं.

"झालं. एकाने दोनदा घेतलं."

ते हसले नाहीत, पण मान हलवली.

कोपऱ्यात तिवईवर माठ होता. स्वच्छ, ओल्या फडक्याने गुंडाळलेला. त्याच्या झाकणावर सहा पेले उपडे घातलेले.

"पेले कुणासाठी, तात्या?"

"आसंच. हुते घरात."

बाईक, टँकर, कंपनीची बस, एकही गाडी तिथे थांबण्यासारखी नव्हती, आणि सायकलवाला या रस्त्याला तात्यांनीच येऊ दिला नसता. चौदा रस्त्यांपैकी एकही त्यांच्या दारावरून जात नाही. त्यांच्याच नियमात ते बसत नाही.

मी एक पेला उचलला, पाणी घेतलं. गार होतं. आणखी एक घेतला. मग पेला धुऊन उपडा घातला आणि म्हणालो, "निघतो तात्या. पेपर राहिलेत तपासायचे."

तात्या आत गेले आणि दुसरी खुर्ची घेऊन आले. पहिलीच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून लावली.

"घाई आसल तर यष्टीनं जा," ते म्हणाले.

मी बसलो. तेवढ्यात दारासमोरून यष्टी गेलीही. पण आम्हा दोघांचीही रस्त्याकडे पाठ होती, त्यामुळे ती कुठली होती ते मला सांगता येणार नाही.