होडीत चप्पल न्हाय

आमच्या शेजारचे अण्णा रोज सकाळी दात घासून झालं की एक बोट ओलं करत्यात आणि अंगणात मधोमध उभं ऱ्हाऊन वर धरत्यात. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वरडत्यात, "वारं जोतिबाकडनं यालंय!" खरं सांगते, ते ऐकल्याबिगर आमच्या गल्लीतली एक बाई पापड वाळत घालत न्हाय.

वारं कशाला बघायचं म्हणाल, तर अण्णांच्या अंगणात होडी हाय. शिडाची. हितं, कोल्हापुरात. मी लगीन होऊन आले तवा सकाळी खिडकी उघडली आणि समोर ही एवढी होडी, लाकडी घोड्यांवर चढवलेली, आणि आत बसून कोणतरी च्या पितंय. मी खिडकीच लावून घेतली. मला लहानपणापासनं पाण्याची लई भीती. हिरीत वाकून बघायचं म्हटलं तरी मी दोन पावलं मागं. आणि हितं पाणी न्हाय तर होडी आधीच येऊन बसलेली!

अण्णा गडहिंग्लजकडचे, लिंगायत. बाजारात त्यांचं दोर, सुतळी, ताडपत्रीचं दुकान. काथ्याचा दोर आणायला वेंगुर्ल्याला गेलते, तिथं वाळूत एक जुनी होडी पालथी पडलेली दिसली. दोर राहिला तिथंच, अण्णा ट्रकात होडी घालून घाट चढून आले. अक्का, म्हंजी त्यांची बायको, अजून येईल त्याला सांगत्यात, "लोकाचा नवरा बाजारातनं पिशवी इसरून येतोय. आमचा होडी घिऊन आला."

घरात दोघंच. पण अण्णांचं बोलणं असं की जसं काय सगळं गाव घिऊन निघाल्यात. वेंगुर्ल्यातनं सुटायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं गोकर्णापातुर जायचं, शंकराच्या दर्शनाला. दूधवाल्याला दर दिवाळीला सांगायचे, "पुढच्या साली दूध बंद बरं का. आम्ही सफरीला." दूधवाला म्हणायचा, "व्हय अण्णा, आजचं भांडं तेवढं आणा."

मला ते तंगी म्हणत्यात, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणत्यात तसं. मी कवा अक्कांना हाक मारत अंगणात गेले की पहिलं वाक्य ठरलेलं, "तंगी, वारं बघितलंस?" आणि दुसरं, "होडीत चप्पल न्हाय." मी कुठं चढालते होडीत? तरी पण सांगायचंच. वसुलीला आलेल्या लाईटवाल्याला पण सांगितलंय.

दिवाळी झाली की होडीचं काम काढायचं. खरवडायचं, फळ्यांच्या फटीत कापूस आणि राळ ठासायची, वरनं तेल पाजायचं. कोकणातल्या माणसानं सांगितलेलं, माशाचं तेल लावा. आता गळ्यात लिंग आणि हातात माशाचं तेल, कसं जमणार? अक्का म्हणाल्या, "तो वास उंबऱ्याच्या आत आला तर मी भाईर." मग अण्णांनी काय केलं, घाण्याचं शेंगतेल आणलं की! डबंच्या डबं पाजलं. सगळी गल्ली भजी तळल्यागत वास मारालती. आठ दिसात मुंग्या लागल्या. मग उंदरं आली, त्यांनी फटीतला कापूस पण नेला. अण्णा डोक्याला हात लावून बसले, "अव्वाव्वा! माझी होडी न्हवं, पंगत झाली ही." तवापासनं करंजाचं कडू तेल. मुंगी फिरकत न्हाय.

शिमग्याला गल्लीतली पोरं होळीला लाकडं मागायला पहिली अण्णांच्याच दारात. अण्णा बांबू घिऊन मागं.

एकदा मांजरपाटाचं नवं शीड शिवून अंगणातच चढवून बघितलं. वारं आलं ते खरंच जोतिबाकडनं आलं, आणि लई आलं. शीड फुगलं, होडी घोड्यावरनं कलली आणि आमच्या भिंतीला धाडकन. माझी पोरगी तवा रांगत व्हती, भिंतीच्या अल्याड. मी तिला उचलून पळाले ती पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपातुर. परत आले आणि म्हटलं, "अण्णा, माझी पोरगी जल्मात ह्या होडीत पाय ठेवणार न्हाय. सांगून ठेवते." अण्णा नुसतं "बरं तंगी" म्हणाले. परत कवा विषय काढला न्हाय.

मग ह्या साली अक्काच तापल्या. "गुडघं गेलं माझं, कवा जायाचं गोकर्णाला? शिमग्याच्या आधी पाण्यात घाला. बुडली तर माझ्या भावाचं गुऱ्हाळ हाय, गुळाच्या चुलाणात घालतो. मग नाव काढायचं न्हाय." अण्णा म्हणाले, "घालू." पण त्या दिशी वारं बघायला अंगणात आलेच न्हाईत. पापड तसंच राहिलं.

अक्कांच्या भावाचं गाव गारगोटीकडं, धरणाच्या पाण्याला लागून. होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं गेली. अक्का मला म्हणाल्या, "तू चल गं, मला एकटीला बघवायचं न्हाय." पोरीला घिऊन गेले. काठावर ही गर्दी. होडी पाण्यात ढकलली आणि आई शप्पथ, प्रत्येक फटीतनं पाणी! बघता बघता काठोकाठ भरून खाली बसली. लोकं हसून हसून पडालती. "अण्णा, होडी हाय का चाळण?" अक्कांचा भाऊ वरडला, "दाजी, चुलाण पेटवू का?" अक्कांनी पदर तोंडाला लावला.

अण्णा काठावर मांडी घालून चिरमुरं खायालते. म्हणाले, "पिऊ दे तिला. किती साल तहानलीय ती."

सगळ्यांना वाटलं, आता डोकं गेलंच. आम्ही तिथंच राहिलो. अण्णा रोज जाऊन बुडालेल्या होडीजवळ बसायचे. कोण बोलाय गेलं तर म्हणायचे, "लाकूड फुगालंय, गप." मग एका सकाळी गडी लावून पाणी उपसलं. उपसलं आणि सगळे वाकून बघाय लागले. मी पण. पाणी आत येईना! फळी फुगून फळीला अशी चिकटलेली की सुई जाणार न्हाय. होडी वर आली, बदकागत डुलाय लागली. अण्णांनी बोट ओलं करून वर धरलं, शीड ओढलं, आणि निघाली की वो! पाणी कापत निघाली! "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" सगळा काठ वरडला, आणि सगळ्यात मोठ्यांदा चुलाणवाला भाऊ. अक्का रडत रडत हसालत्या आणि मी, पाण्याला भिणारी, पोरीला खांद्यावर घिऊन नाचालते.

फेरी मारून अण्णा काठाला आले. काठावरल्या पोत्यातनं त्यांनी अंगात घालायच्या बंड्या काढल्या, बुडू नये म्हणून ताडपत्रीत थर्माकोल घालून शिवलेल्या. स्वतःची, अक्कांची. खाली आणखी एक व्हती, बारकी. ती त्यांनी पटकन परत सारली.

मी म्हटलं, "ती कुणाची?"

अण्णा पाण्याकडं बघाय लागले. अक्कांनीच ती काढून माझ्या हातात दिली. दोन्ही बाजूला शिवण उसवल्याच्या खुणा, एकीच्या भाईर दुसरी, दुसरीच्या भाईर तिसरी. सगळ्यात आतली एवढी बारकी, रांगत्या पोराची.

अक्का हळू म्हणाल्या, "दरसाली तुझी पोरगी वाढली की उसवून वाढवत्यात. मी म्हटलं, तिची आई बसवणार न्हाय, कशाला शिवताय? तर म्हणाले, तंगीला सांगू नकोस, ती पाण्याला भिती."

अण्णांनी बोट वर धरलेलं. ओलं करायचं इसरलेले.

मी पोरीला बंडी घातली. बरोब्बर बसली. बोट ओलं करून मी वर धरलं.

"अण्णा," मी म्हटलं, "जोतिबाकडनंच यालंय."

आणि काठावर चपला काढल्या.