नरहररावांचं पिंप

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि नल्लकुंट्यातल्या आमच्या बिल्डिंगीत एक माणूस रोज सकाळी भीक मागत फिरायचा. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, हातात झाकणाची निळी बादली. दार वाजवायचा आणि म्हणायचा, "शिळं द्या, ताजं नको."

हे नरहरराव, माझे शेजारी. पेन्शनीतला माणूस, एकटा राहणारा. एखाद्या नव्या भाडेकरणीनं दया येऊन गरम पोळी पुढं केली तर तिच्यावरच रागवायचे. पोळी तुम्ही खा, मला कालचं वरण द्या, ते पेटतं, असं सांगायचे. ती बाई घाबरून दार लावून घ्यायची.

मूळचे उदगीरकडचे. शहराबाहेरच्या एका तेलाच्या मिलमध्ये बॉयलरवर नोकरी झाली. तिथं कोळसा परवडत नव्हता म्हणून शेंगांची टरफलं आणि भाताचा तूस जाळून वाफ करत. तेव्हापासून या माणसाला जगात दोनच वस्तू दिसतात. पेटलेली, आणि अजून न पेटलेली. लग्नाला गेले तर नवरानवरीकडं न बघता उष्ट्या पत्रावळी बघत उभे राहायचे. हिमायतनगरला फर्निचरच्या दुकानापुढं लाकडाचा भुसा दिसला की मुठीत दाबून बघायचे आणि दुकानदाराला सांगायचे, मियां, हा पांढरा कोळसा आहे, याच्या कांड्या करा. तो म्हणायचा, "लेको जाव चचा, पन गिराकां के रस्ते में से हटो."

गच्चीवर त्यांनी एक भलंमोठं काळं पिंप बसवलं होतं आणि त्यात दुसरं पिंप उपडं घातलं होतं. खालच्यात शेणाचा काला आणि साऱ्या घरांचं उष्टं. गॅस धरला की उपडं पिंप आपोआप वर उचललं जायचं, आणि तिथून नळी थेट यांच्या शेगडीला. पिंप वर आलं की नरहरराव नातू बसायला लागल्यासारखे सगळ्यांना बोलावून आणायचे. सिलिंडर कुठून येतो, तर समुद्रापलीकडून. शिळं वरण कुठून येतं, तर लक्ष्मीअम्मांकडून. मग स्वस्त कोणतं, तुम्हीच सांगा, असं विचारायचे. या लक्ष्मीअम्मा म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई. त्या यांना 'चेत्त तात' म्हणायच्या, म्हणजे कचऱ्याचे आजोबा. नरहररावांना ती पदवी वाटायची.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण जन्मभर बस चालवली, कुणाच्या दारात हात पसरला नाही. मला हे बघवायचं नाही. एकदा तोंडावर विचारलं, काही इज्जत आहे की नाही तुम्हाला?

"ड्रायव्हरसाब, इज्जत पेटत नाही," ते म्हणाले. "केळ्याची सालं असली तर द्या."

सालं दिली, पण दार आपटून लावलं. त्या दिवसांत आमची मंडळी लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेली होती. हातानं रांधायचो. मग बादली रोज यायची, आणि रात्रीचं बिघडलेलं तिच्यात टाकून मी मोकळा व्हायचो.

घात झाला पाडव्याला. आमच्याकडं पाडवा आणि उगादी एकाच दिवशी. मराठी घरांतून श्रीखंडाच्या चक्क्याचं पाणी आलं. तेलुगू घरांतून पुलिहोऱ्याच्या चिंचेचा चोथा आला, उरलेली चिंच-कैरीची पच्चडी आली. पिंपाला आंबट सोसत नाही, हे नरहररावांना पक्कं ठाऊक. एरवी लिंबाची फोडसुद्धा निवडून काढायचे. पण सणाच्या दिवशी बायका हसून पुढं करतायत, त्याला नको कसं म्हणायचं? म्हणाले नाहीत. सगळं घेतलं आणि पिंपात ओतलं.

पिंपाचं पोट बिघडलं. गॅस धरायचा, पण काडी लावली की काडीच विझायची. गच्चीभर वास. नरहररावांनी चुना घातला, राख घातली, ताजं शेण कालवून घातलं आणि पिंपाला उपास धरायला लावला. ते सुधारेपर्यंत आत उष्टं टाकायचं नाही. सुधारेलच असंही नव्हतं. निळी बादली उपडी झाली आणि नरहरराव आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे पिंपाजवळ स्टूल टाकून बसायला लागले.

एका संध्याकाळी मी भांडायला वर गेलो. वासानं बसवत नाही घरात, म्हणालो. ते नेहमीसारखे उलटून बोलले नाहीत.

"गॅसचं काय, सिलिंडर आहे घरात," म्हणाले. "पण आता दार काय म्हणून वाजवू?"

दार वाजवायला निमित्त कशाला लागतं, मी म्हणालो.

"लागतं. म्हातारा उगीच दारात आला तर लोकांना वाटतं, आता हा बसणार."

मग एकेक घर सांगत गेले. खालच्या सूनबाईंचा चहाचा चोथा हल्ली चिकट नसतो, म्हणजे घरात कुणाला तरी साखर निघाली. लक्ष्मीअम्मांकडून नातवाच्या डब्यातला भात यायचा बंद झाला, म्हणजे तो हॉस्टेलला गेला. करमतं का त्याला तिथं, ते विचारायचं राहून गेलं.

"आणि तुम्ही. तुमच्याकडून करपलेला भात येत होता, पातेलंभर. त्या रात्री तुम्ही खात काय होतात?"

मला राग आला. मी बरोबर जेवतो, म्हणालो.

"हौ," ते म्हणाले. पिंपावरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या घरात काय उरतं, ते बघायला कुणी येत नाही, ड्रायव्हरसाब."

वासाचं मी पुढं काढलं नाही. खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, गच्चीवरून ती निळी बादली आणली आणि नरहररावांची कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं. मी बादली पुढं केली.

"शिळं द्या," म्हणालो, "ताजं नको."